पुढच्याची पाठ

राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकाला जाऊन पश्चिमेकडं पाहिलं, की तोरणा अगदी समोर दिसतो. इतका जवळ, की नवख्याला वाटतं दुपारच्या जेवणाला तिकडंच असू. मग मधली सोंड नजरेत भरते. एकदम खाली पडते, मध्येच वर येते, एका खिंडीत पार बसते आणि तिथून पुन्हा बुधल्यापर्यंत चढत जाते. सहा तास लागतात, बरोबर म्हातारा असेल तर आठ. ही वाट मी आजवर पाच वेळा चाललो. त्यातल्या चार वेळा नुसता चाललो, पाचव्यांदा ती थोडी वाचता आली. कवितेचं होतं तसंच हे. पाठ असलेली कविता एखाद्या दिवशी अचानक कळते, आणि आपण इतके दिवस नुसते शब्द म्हणत होतो हे लक्षात येतं.

वाट सुरू होते ती अळू दरवाजापासून. राजगडावर यायला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, चोरदरवाजाही आहे. पण तोरण्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला संजीवनीवरचा हा अळू दरवाजाच. बराच ढासळलेला आहे. त्याच्यावर एक शिल्प आहे, वाघानं सांबर उताणं पाडल्याचं. बहुतेकजण तिथं फोटो काढतात आणि उतरायला लागतात. आम्ही तिथं अर्धा तास भांडलो. हा अळू म्हणजे फदफद्याचा अळू, की जंगलातला तो काटेरी झाडाचा, ज्याची फळं पोरं खातात? आमच्यातल्या एकीचं म्हणणं, किल्ल्याच्या दरवाजाला कोण भाजीचं नाव देईल? दुसऱ्याचं म्हणणं, ओलाव्याच्या जागी अळू माजतो, तेव्हा नाव भाजीवरूनच पडलं असणार. निकाल लागला नाही. पण मी मनातल्या मनात झाडाच्या बाजूनं मत दिलं, आणि त्याला कारण होतं. समोरच्या तोरण्याचं नाव तोरणाच्या झाडांवरून पडलं असं सांगतात. तोरणही काटेरीच. त्याची पांढरी, पिठूळ फळं उन्हाळ्यात धनगरांची आणि गुराख्यांची पोरं ओंजळीनं खातात. म्हणजे ही अख्खी वाट एका काटेरी रानफळापासून दुसऱ्या काटेरी रानफळापर्यंत जाते. माझ्या या व्युत्पत्तीला पुरावा विचाराल तर नाही. पण वाचणाऱ्याला एवढी मुभा असावी.

नावांचंच निघालंय तर आणखी थोडं. राजगडाच्या माच्यांची नावं पाहा: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. सगळी सोवळ्यातली, पोथीतून उतरल्यासारखी. आता तोरण्याची घ्या: बुधला, झुंजार, आणि देवी मेंगाई. बुधला म्हणजे तेलातुपाचं चामडी भांडं. त्या माचीवरचा सुळका उपड्या बुधल्यासारखा दिसतो म्हणून बुधला. एक गड राजधानीच्या भाषेत बोलतो, दुसरा घरातल्या. राजगडाचं मूळ नाव मुरुंबदेव. शिवाजीमहाराजांनी ते राजगड केलं आणि मुरुंबदेव पुसला गेला. तोरण्यालाही त्यांनीच प्रचंडगड असं भारदस्त नाव दिलं. ते बखरीत आणि पाटीवर राहिलं, माणसांनी मात्र तोरणाच म्हणायचं सोडलं नाही. एका डोंगरानं नवं नाव अंगाला लावून घेतलं, दुसऱ्यानं झटकून टाकलं. अलीकडं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड तालुका झालं आहे. स्वारगेटला मात्र माणूस अजून ‘वेल्ह्याची गाडी लागली का?’ असंच विचारतो.

दरवाजातून खाली उतरलं, की पहिला उतार मुरमाचा आहे. घसारा. बुडावर बसून उतरायची लाज वाटू नये असा. तो संपला की धार सुरू होते, आणि तिथं या वाटेचं खरं व्याकरण कळतं. धारेवर दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. डावीकडं भोरचा मुलूख, भुतोंड्याच्या अंगाला वेळवंडीचं खोरं आणि त्यात आत शिरलेलं भाटघरचं पाणी. उजवीकडं वेल्हे आणि कानंद खोरं. पाऊस या धारेवर पडला की अर्धा इकडं, अर्धा तिकडं; डावीकडचा वेळवंडीतून आणि उजवीकडचा कानंदीतून गुंजवणीत जाऊन शेवटी नीरेलाच मिळतो. पाण्याला दोन वाटा आहेत, माणसाला एकच, आणि तीही एकेकट्यानं चालायची.

म्हणून मग रांग लागते. सकाळी निघालात तर ऊन पाठीमागून येतं, कारण तोंड पश्चिमेला. आपली सावली पुढं पडते आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर चढते. त्याची सावली त्याच्या पुढच्यावर. पाच-सहा जणांची रांग असेल, तर शेवटचा सोडून प्रत्येकाच्या पाठीवर कुणाची तरी सावली असते. मी पाच वेळा गेलो आणि हे चौथ्यांदापर्यंत मला दिसलं नव्हतं. मी खाली पायाकडं बघत होतो.

पाचव्या वेळी माझ्यापुढं मास्तर होते. भूगोलाचे शिक्षक, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. डोंगरातला जुना नियम असा, की सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढं घालायचं. मागं टाकलं तर तो मागंच पडत जातो, आणि बाकीचे विसावा घेऊन उठले की तो येऊन पोचतो, म्हणजे त्याला विसावा मिळतच नाही. तेव्हा मास्तर पुढं. ते सॅक घेत नाहीत. खांद्याला एक शबनम. बाकी सामान आमच्यातल्या तरण्या पोरानं घेतलेलं. त्यामुळं त्यांची पाठ उघडी दिसत होती. गडद निळा सुती शर्ट. नऊ वाजेपर्यंत घामानं काळा झाला. एका झाडाखाली थांबलो, वारा लागला, तसा तो वाळला, आणि घाम जिथवर पसरला होता तिथं मिठाची पांढरी रेघ उमटली. पुन्हा चाललो, पुन्हा घाम, पुन्हा वारा. आधीच्या रेघेच्या आत दुसरी रेघ. खिंडीत पोचेपर्यंत त्यांच्या पाठीवर एकात एक अशा चार रेघा झाल्या होत्या, नकाशात डोंगराची उंची दाखवायला काढतात तशा. भूगोलाच्या मास्तरांना त्यांचा स्वतःचा नकाशा दिसत नव्हता, मला दिसत होता.

मी ते बोललो, तर म्हणाले, ‘‘मग खडूनं काढल्यासारखा दिसत असेल.’’ आणि खडूवरून त्यांची गाडी सुरू झाली. आपण फळ्यावर वापरतो तो बहुतेक वेळा खरा खडू नसतोच, जिप्सम असतो. खरा खडू समुद्राच्या तळाशी साठतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांची चुन्याची कवचं, लाखो वर्षं बर्फासारखी तळावर पडत राहिलेली. इंग्लंडच्या दक्षिणेला अशा खडूचे अख्खे डोंगर आहेत, साउथ डाउन्स म्हणतात त्यांना, आणि ते जिथं समुद्राला भेटतात तिथं सेव्हन सिस्टर्स नावाचे पांढरेफेक कडे उभे आहेत. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत त्या डोंगरांवरून शंभर मैलांची पायवाट जाते. तो खडू साठला ते युग संपता संपता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडं लाव्हा वाहत होता आणि त्याच्या थरांवर थर चढून हा काळा कातळ तयार होत होता. ‘‘म्हणजे खडू तिकडं, फळा इकडं,’’ असं म्हणून ते स्वतःच हसले. विनोद त्यांनी वर्गात तीस वर्षं वापरलेला असणार, पण धारेवर, त्या उन्हात, तो ताजा वाटला.

त्या खडूच्या डोंगरांवर मी गेलेलो नाही. वाचलंय तेवढंच. पण जे वाचलं त्यात एक गोष्ट सारखी येते: मऊ गवत, गोलसर माथे, रुंद वाटा, आणि बोलत बोलत चालणारी माणसं. लेस्ली स्टीफन हा समीक्षक, व्हर्जिनिया वुल्फचा बाप, त्यानं 1879 मध्ये मित्रांची एक चालणारी मंडळी काढली. संडे ट्रॅम्प्स, म्हणजे रविवारचे भटके. प्राध्यापक, वकील, लेखक असे लोक रविवारी लंडनबाहेर पडून दिवसभर चालत आणि वाद घालत. खडू मऊ असतो, झिजतो, त्याचे माथे सपाट होतात. तिथं तीन माणसं हातात हात घालून चालू शकतात. म्हणून तिथलं चालणं हा गप्पांचा प्रकार झाला असावा. आपला बेसॉल्ट तसा नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो. खाली कडा, वर सपाटी, पुन्हा कडा, आणि दोन कड्यांच्या मध्ये कुठंतरी अशी एका पावलाची धार. खडूवर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात, कातळावर पाठीशी.

आणि पाठीशी बोलणं ही वेगळीच जात आहे. समोरासमोर बसून जे कधी निघत नाही, ते धारेवर निघतं. आमच्यातल्या एकानं त्याच दिवशी, माझ्या मागून चालताना, आईला आता आपली ओळख पटत नाही असं सांगितलं. आठ महिने झाले होते. दर आठवड्याला आम्ही चहाला भेटत होतो, कधी बोलला नव्हता. मी वळून बघू शकत नव्हतो, वळलो असतो तर तोल गेला असता. ‘हं’ एवढंच म्हणालो. तो पुढं सांगत राहिला: ती त्याला तिच्या भावाच्या नावानं हाक मारते, आणि त्यानं आता ओ द्यायला सुरुवात केलीय. मध्येच एक निसरडा टप्पा आला, तिथं त्यानं ‘उजवीकडं धर’ म्हटलं आणि पलीकडं गेल्यावर वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्याला दिसलं नाही. मला वाटतं, म्हणूनच तो बोलू शकला.

मराठीत पाठ या शब्दाची गंमतच आहे. शरीराचा मागचा भाग म्हणजे पाठ, पुस्तकातला धडा म्हणजे पाठ, तोंडी येणं म्हणजे पाठ असणं, आणि हरिपाठ तो वेगळाच. पाठीला पाठ लावून येणाऱ्या भावंडाला आपण पाठचा भाऊ म्हणतो, पाठीशी उभं राहतो, पाठही फिरवतो. सहा तास पुढच्याची पाठ बघत चालणाऱ्याला हे सगळे अर्थ एकाच जागी सापडतात, आणि त्यासाठी कोश उघडावा लागत नाही.

खिंडीत गाडीरस्ता आडवा जातो, वेल्ह्याकडून भुतोंड्याला उतरणारा. धारेवरून येताना तो दिसला की थोडा अपेक्षाभंगच होतो, वाचता वाचता मध्येच जाहिरातीचं पान यावं तसा. पण तिथं त्या दिवशी एक मावशी बसल्या होत्या. ताकाची कळशी, स्टीलचे पेले, कापलेल्या काकड्या, तिखटमीठ. आम्ही पेला तोंडाला लावला नि लगेच उठायला लागलो, तोरण्याचा चढ उन्हाच्या आत गाठायचा होता. मावशींनी एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि आम्हाला म्हणाल्या, ‘‘बसा की रं घटकाभर. मास्तर दमल्याती. तोरणा काय पळून चाललाय व्हय?’’ ते मास्तर आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही हाक मारताना ऐकलं असेल. मास्तरांनी तीन पेले ताक प्यायलं. तिसऱ्याचे पैसे मावशींनी घेतले नाहीत.

सिंहगड, राजगड, तोरणा असं पन्नासेक किलोमीटर पळत जाणारेही लोक आहेत, त्याची शर्यत होते. त्यांच्या छातीचं मला कौतुक आहे. पण ताकाचा तिसरा पेला त्यांच्या वाट्याला येत नसणार.

आता थोडं दिशेबद्दल. ही वाट राजगडाकडून तोरण्याकडं चालावी की उलट, यावर चालणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. तोरण्याकडून आलं तर इतिहासाच्या ओघानं येता: महाराजांनी कोवळ्या वयात तोरणा घेतला, तिथं डागडुजी करताना धन सापडलं आणि ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लागलं, अशी गोष्ट आहे. राजगडाकडून निघालं तर ती गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडं वाचता. मला दुसरा पक्ष पसंत. आधी झालेलं काम बघायचं, संजीवनीची ती दुहेरी चिलखती तटबंदी, बुरुजाच्या पोटातून उतरणारे चिंचोळे जिने, पाव शतक राजधानी म्हणून मिरवलेला दिमाख. आणि मग दिवसभर चालून, दमून, ज्या उघड्याबोडक्या गडावरून हे सगळं निघालं तिथं पोचायचं. आणि याच क्रमानं आणखी एक जण आला होता. 1704 च्या फेब्रुवारीत औरंगजेबानं राजगड घेतला, त्याचं नाव नबीशहागड ठेवलं, आणि लगेच मार्चमध्ये तोरणा. बाकीचे गड त्यानं पैसे चारून, तह करून घेतले; तोरणा मात्र लढून घ्यावा लागला असं सांगतात. त्याला नाव दिलं फुतूहुल्घैब, दैवी विजय. हे नावही टिकलं नाही. तोरण्याला नावं टिकवायची सवयच नाही.

गो. नी. दांडेकरांना राजगडानं वेड लावलं होतं. परतवाड्याला 1916 मध्ये जन्मलेला, तळेगावात राहिलेला हा माणूस पुन्हा पुन्हा त्याच गडावर जात राहिला, आणि ‘वाघरू’ ही कादंबरी त्यानं राजगडावर घडवली. त्यांच्या पुस्तकांची नावं एकापुढं एक ठेवून बघा: ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, ‘स्मरणगाथा’, ‘दुर्गभ्रमणगाथा’. प्रवासवर्णन म्हटलं नाही, आठवणी म्हटलं नाही, गाथा म्हटलं. मराठी माणसाला गाथा म्हटली की तुकोबांची आठवते, आणि गाथा एकदा वाचून कपाटात ठेवत नाहीत, तिचं पारायण करतात. गडावर एकदा जाऊन ‘झाला’ म्हणून यादीतून खोडणाऱ्यांच्या काळात हा शब्द मला फार मोठा वाटतो. पाच वेळा जाऊन मला एक सावली दिसली, तेव्हा माझं पारायण अजून कच्चंच आहे.

खिंडीनंतरचा चढ वाचायला सोपा नाही. आधी रान, करवंदीच्या जाळ्या, कारवीच्या काड्या, मग उघडा दांड, मग कातळटप्पे. ऊन आता तोंडावर आलेलं. सावल्या मागं वळल्या. माझ्या पाठीवर कुणाची नाही, मास्तरांची सावली माझ्या छातीवर. गप्पा बंद. इथं भाषा लहान होते: ‘पाय’, ‘हात दे’, ‘दगड हलतोय’, ‘सावकाश’. बुधल्याखाली एका टप्प्यावर मास्तर थांबले. वर हात पोचत नव्हता. तरण्या पोरानं खालून त्यांच्या पावलाला तळहात लावला, मी वरून मनगट धरलं. ते वर आले तेव्हा पहिल्यांदा त्या दिवशी मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. पाठीवर होत्या तशाच रेघा कपाळावर होत्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. त्यांनी नुसतं मागं बोट दाखवलं.

मागं राजगड होता. बालेकिल्ला, त्याच्या अंगाला पद्मावती आणि आमच्या दिशेनं लांबवर आलेली संजीवनीची जीभ. सकाळी जिथून आम्हाला तोरणा हाकेच्या अंतरावर वाटला होता, ती जागा आता बोटाच्या पेराएवढी. आणि इथूनही राजगड तसाच फसवत होता. तसाच जवळ वाटत होता.

कोकण दरवाजातून मेंगाईच्या देवळाशी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. तोरण्यावर रात्री राहू नये, पिशाच्च आहे, असं खालच्या गावात सांगतात. आम्हाला राहायचंच नव्हतं, वेल्ह्यातून गाडी गाठायची होती. बिनी दरवाजातून उतरताना रांग पुन्हा लागली. आता मास्तर मागं गेले होते, गुडघे धरत, आणि मी पुढं. माझ्या पाठीवर काय उमटलंय ते मी विचारलं. ‘‘काही नाही,’’ म्हणाले, ‘‘तुझी सॅक आहे.’’

जाणार असाल तर थंडीत जा, दिवाळीनंतर. धारेवर पाणी नाही, माणशी तीन लिटर धरा. उजाडता उजाडता अळू दरवाजा सोडा. आणि तुमच्यात जो सगळ्यांत सावकाश चालतो, त्याचं ओझं वाटून घ्या नि त्याला पुढं घाला.